सहस्राक्षाची हजेरी

नाना साळगावकरांना तुम्ही "काय छान चांदणं पडलंय!" असं म्हणालात, तर ते "हो ना" म्हणायचे नाहीत. ते उठायचे, धोतराचा सोगा सावरत गॅलरीत जायचे, मान वर करून चांगलं मिनिटभर बघायचे आणि आत येऊन सांगायचे, "पडलंय."

या माणसाशी गप्पा मारणं म्हणजे वैताग होता. पण काय करता, परळच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर आणि नाना गिरणीत हजेरी कारकून. गिरणीच्या दाराशी एक जाळीची खिडकी होती, तिच्यामागे ते बसायचे. ज्याचं तोंड खिडकीत दिसलं तो हजर. नाही दिसलं तो गैरहजर, मग तो मालकाचा जावई का असेना. संध्याकाळी खिडकी बंद व्हायची, पण नानांची हजेरी घरीही चालूच.

"तुमची हजेरी लागली होती का तिथं?" हा त्यांचा सवाल. कुणी म्हणालं, कोकणात यंदा आंबा गेला, की नाना विचारणार, "कितव्या तारखेला होतात कोकणात?" एकदा गणपतीत कीर्तनकारबुवा स्वर्गाचं वर्णन करीत होते. नंदनवन, अप्सरा, सगळं रंगात आलेलं. नाना पुढच्या रांगेतून उठले. "बुवा, आपली हजेरी तिथं कधी लागली होती?" बुवा म्हणाले, "लागली की कळवतो." चाळ हसली, नाना हसले नाहीत. त्यांना ते उत्तर रीतसर वाटलं होतं.

लग्न त्यांनी केलं नाही. मुलीच्या गुणांचं वर्णन करणाऱ्या मामाला ते म्हणाले, "तुम्ही तिच्या हातचं जेवलात?" झालं, मामा चहा न घेताच गेला.

ते दिवस आठवले की अजून सगळं कापसाच्या तुसातून बघितल्यासारखं दिसतं. भिंतींवर चुन्यानं लिहिलेलं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', जिन्यात पत्रकांचे गठ्ठे, कुठूनतरी ऐकू येणारा पोवाड्याचा डफ, आणि आम्ही सगळे पायांखाली जमीन नसल्यासारखे चालणारे. रोज संध्याकाळी गॅलरीत मी पेपर मोठ्यानं वाचायचो आणि निम्मी चाळ ऐकायची.

त्या पेपरात 'सहस्राक्ष' या नावानं एक गृहस्थ लिहायचे. दहशतवादाचे गाढे अभ्यासक, असं त्यांच्या नावाखाली छापलेलं असायचं. रशियात बाँब कसे करतात, आयर्लंडात कुठं लपवतात, बंगालात कुणी फेकले, सगळं त्यांना ठाऊक. हजार डोळ्यांचा माणूस! पण त्यातला एकही डोळा कधी गिरगावाच्या अलीकडे आला नव्हता. नानांनी त्यांना कार्डं पाठवली. "महोदय, आपण आयर्लंडात किती दिवस होतात? कळावे." उत्तर नाही. पुन्हा कार्ड. "मागील कार्डाची आठवण." तेव्हा मला भारी मजा वाटायची.

मग आमचा विश्राम गेला.

विश्राम आमच्याच मजल्यावरचा, लक्ष्मीकाकींचा एकुलता एक मुलगा. गिरणीत बदलीवर. म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर तसाच भरलेला डबा घेऊन परत. त्या दिवशी त्याला बदली मिळाली नाही. दुपारी भोईवाड्याच्या बाजूला गर्दी झाली, पोलिसांचा गोळीबार झाला, आणि संध्याकाळी चार जण त्याला चाळीत घेऊन आले. डबा मात्र कुणी आणला नाही.

आठवड्यानं सहस्राक्षांचा लेख आला. मी मूर्ख, नेहमीसारखा मोठ्यानं वाचत सुटलो. "एका मृत तरुणाच्या हाती फडक्यात बांधलेली धातूची गोल वस्तू होती. ती काय होती, हे जाणकारांस वेगळे सांगावयास नको. गिरणगावात दहशतवाद अवतरला आहे." वाचून झाल्यावर बघतो तो दारात लक्ष्मीकाकी उभ्या.

"मास्तरानू, ता माझ्या विश्रामाबद्दल लिवलाहा?"

मी पेपराची घडी घालू लागलो. काकी नानांकडे वळल्या. "नानानू, तुमी कधी खोटा बोलूचास नाय. माझो झील बाँब घेऊन गेल्लो काय ओ?"

नाना म्हणाले, "विचारून येतो."

गिरगावात एका सभागृहात सहस्राक्षांचं व्याख्यान होतं. नाना कोट घालून निघाले, मी सोबत. त्यांना एवढंच हवं होतं की पेपरात एक ओळ यावी: तो डबा होता. काकींना वाचता येत नव्हतं, पण ती ओळ त्या कुणाकडूनही रोज वाचून घेतील, असं ते ट्राममध्ये म्हणाले.

सहस्राक्ष गोरेपान, नीटनेटके, बोलणं लोण्यासारखं. टाळ्या पडत होत्या. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा नाना उठले.

"आपण त्या दिवशी भोईवाड्याला होतात?"

"नाही. मी अभ्यासक आहे."

"मग ती वस्तू आपण पाहिली नाहीत?"

"एका खात्रीच्या गृहस्थांनी सांगितलं."

"त्यांनी पाहिली?"

"त्यांच्या परिचितांनी." सभागृहात थोडी खसखस पिकली. मी मनात म्हटलं, शाब्बास नाना, आता सोडू नका! पण हा माणूसही कच्चा नव्हता. त्यानं चष्मा पुसला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "आणि आपण? आपण होतात तिथं?"

मी नानांच्या कोटाचं टोक ओढलं. "नाना, हो म्हणा! अहो, म्हणून टाका हो!"

"नाही," नाना म्हणाले. "मी सकाळी खिडकीत त्याच्या हातात डबा पाहिला. दुपारी मी तिथं नव्हतो."

"म्हणजे दोघेही गैरहजर!" सहस्राक्ष म्हणाले, आणि सभागृह खो खो हसलं. नाना खाली बसले. तेव्हाच त्या व्यासपीठावर चढून त्या माणसाचा चष्मा फोडावा असं मला वाटलं, आणि त्याहून जास्त राग नानांचा आला. एक शब्द बोलायचा होता, फक्त एक!

परतीच्या ट्राममध्ये मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. रस्त्यावर नुकते दिवे लागत होते. लालबागच्या जवळपास नाना आपणहून म्हणाले, "सकाळी मीच त्याला म्हटलं रे, आज नाही. खरं तर एक खाडा होता. पण ज्याचा खाडा, तो उशिरा येईल म्हणून मी पाच मिनिटं थांबलो. तेवढ्यात विश्राम निघून गेला." मग ते खिडकीबाहेर बघत राहिले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

जिन्याच्या तोंडाशी काकी बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या नाहीत, नुसतं वर पाहिलं.

"काय म्हणालो तो?"

मी नानांकडे पाहिलं. नाना कोट न काढताच खालच्या पायरीवर बसले.

"त्येका काय म्हायत, वैनी?" ते म्हणाले. "तो थंय नव्हतोच. मी होतंय."

"तुमी? थंय?"

"होय तर. खिडकी बंद करून दुपारी थोडो बाहेर पडललंय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. डबोच होतो हातात. बाँब नाय, काय नाय."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. खालून कुणाच्या तरी चुलीचा धूर वर येत होता. मग काकींनी पदरानं तोंड पुसलं आणि अगदी हळू विचारलं,

"जेवलो होतो मां?"

"जेवलो ना," नाना म्हणाले. "भिंतीच्या सावलीत बसान. पोटभर जेवलो. माका पण अर्धी भाकरी दिल्यान."