बाजरीचा कॅमेरा

“गळ्यात बाजरी हाय त्यांच्या. क्यामेरा म्हनून घालून फिरत्यात.”

पानवाला हळू आवाजात सांगत होता, म्हणजे त्याच्या मते हळू. समोरच्या गिऱ्हाइकाचा विडा हातातच राहिला.

“अन् ती मागची पोरगी?”

“भाची हाय. तिच्या बी गळ्यात हाय.”

ते खरं होतं. भर बाजाराच्या दिवशी सोनईच्या पेठेतून मी गळ्यात बाजरीची पिशवी अडकवून मामांच्या मागे चालले होते. मामांच्या पिशवीत दीड किलो, माझ्या पिशवीत सहाशे ग्रॅम. जुन्या पायजम्याच्या कापडाच्या पिशव्या, त्यांना खऱ्या कॅमेऱ्याचे पट्टे. मान खाली घातली की पिशवी दिसायची, वर केली की माणसं दिसायची.

मला मामांचा राग येतो, हे आधीच सांगितलेलं बरं. लोक आपल्या नातेवाइकांबद्दल मायेनं लिहितात. मी दात आवळून लिहिते आहे.

सुधाकरमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. सोनईत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. साखरपुडा, हळद, लग्न, बारसं, जावळ, सगळं तेच काढतात. मी नगरला इंग्रजी शाळेत शिकले, बी.कॉम. झाले, तीन मुलाखतींना जाऊन गप्प बसून आले. मग आईनं मला इथं अल्बम लावायला पाठवलं. कॉम्प्युटरसमोर बसायचं काम, कोणाशी बोलावं लागत नाही, असा तिचा हिशेब. पण मला कॅमेरा हवा होता. लग्नात उभं राहून फोटो काढायचे होते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मामांना तर नाहीच. मामांना काही सांगितलं की ते आधी चिडतात आणि मग ऐकतात, आणि पुष्कळदा दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत.

ते सगळ्यांवर चिडतात. फोटोत डोळे मिटणाऱ्यांवर: “डोळं काय घरी ठिवून आला का?” हार घालताना नवरदेवाला उचलून धरणाऱ्या मित्रांवर: “उचला, उचला, डोस्कं कापून काढतो त्याचं फोटोत!” मोबाईल घेऊन मध्ये घुसणाऱ्या पाहुण्यांवर तर विशेष. एकदा एका पाहुण्याच्या मोबाईलवर त्यांनी नेम धरून मूठभर अक्षता मारल्या. मंगलाष्टकं चालू होती, म्हणून कोणाला संशय आला नाही.

त्यांचा जुना कॅमेरा विटेएवढा आणि विटेसारखाच जड. त्याचं शटर अडकायला लागलं आणि नवा घ्यायचं ठरलं. घेणं एकदाच होणार होतं. पुन्हा दहा वर्षं नाव काढायचं नाही. मामांना हवा होता लहान, हलका, आत आरसा नसलेला, पण फुल फ्रेम. म्हणजे फोटो टिपणारा आतला तुकडा मोठा हवा, मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातही चेहरे स्वच्छ यायला हवेत. लहान पण मोठा, असा कॅमेरा. तिथून आमचे सहा महिने वाया गेले.

रोज दुपारी चहानंतर मी मोबाईलवर इंग्रजी परीक्षणं वाचून मामांना मराठीत सांगायची, असा नेम होता.

“वाच.”

“ते म्हणतात, हा इतका लहान आहे की कोटाच्या खिशात मावतो.”

“मे महिन्यात कोट कोन घालतंय? फुडं.”

“पण मोठी लेन्स लावली की तोल पुढे जातो.”

“म्हंजी शेळीच्या गळ्यात बैलाची घुंगरमाळ. फुडं.”

“अजिबात आवाज न करता फोटो काढता येतो.”

“अन् मांडवातल्या एलईडीखाली नवरीच्या तोंडावर पट्टं उमटत्यात, ते लिव्हलंय का त्या शान्यानं? नवरीचा झेब्रा हुतो! हे लोक फोटो कशाचं काढत्यात ठावं हाय का? कपातल्या कॉफीचं. कॉफी कुठं पळून जाती? फुडं.”

“कार्ड एकच बसतं.”

इथं मामा उभे राहायचे. कार्डावर फोटो साठतात. दोन कार्डं बसत असली तर प्रत्येक फोटो दोन ठिकाणी राहतो, एक बिघडलं तरी दुसरं असतं. “लगीन दुसऱ्यांदा लागत न्हाई!” ते गरजायचे. हे वाक्य ते नगरच्या दुकानदारालाही फोनवर इतक्यांदा ऐकवून चुकले होते, की तो फोन उचलल्यावर नमस्काराच्या जागी तेच म्हणायचा.

शेवटी तीन कॅमेरे उरले. मामांनी त्यांना नावं दिली. ‘सपाट’ हलका होता, दोन कार्डांचा, पण डोळा लावायची खिडकी डाव्या कोपऱ्यात. ‘टेंगूळवाला’ही तितकाच हलका, खिडकी मधोमध वर आलेल्या टेंगळात, पण कार्ड एकच. ‘जाड्या’मध्ये सगळं होतं, वजनासकट.

मला वाटलं, सपाट ठरला. मामांना हवं ते सगळं त्यात होतं. पण मामा विचारायचे, “नाकाचं काय लिव्हलंय?”

परीक्षणांत नाकाबद्दल काही नसायचं. तसं सांगितलं की मामा भडकायचे. “कसं न्हाई? मान्साला नाक असतं का न्हाई? डोळा लावल्यावर नाक कुठं ठिवायचं? इचार त्यांना.” मी इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसांना सोनईतून नाकाबद्दल विचारणार नव्हते. मी पुढचं परीक्षण उघडायची.

वजनासाठी मात्र त्यांनी बाजरी काढली. कागदावरचं वजन खोटं, मानेला विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. दीड किलोची पिशवी त्यांच्या गळ्यात, म्हणजे जुना कॅमेरा. माझ्या गळ्यात कधी पाचशे, कधी सहाशे, कधी आठशे. ती घालून मी दिवसभर अल्बम लावायची. संध्याकाळी मामा विचारायचे, “मान दुखती का?” मी नाही म्हणायची. दुखत असायची.

“माझी बाजरी दळायला न्हेता का मिरवायला?” मामी ओरडायच्या, आणि पिशवी तशीच डब्यात उपडी करायच्या. एका रात्री मी सकाळी गळ्यात घातलेल्या कॅमेऱ्याची भाकरी खाल्ली. त्या भाकरीचाही मला राग आला होता.

मामा जेवून झोपायला घरी गेले की दुपारी मी कपाटातून जुना कॅमेरा काढायची. स्टुडिओच्या दारात उभी राहून रस्त्याचे फोटो काढायची: उसाचा ट्रॅक्टर, वजनकाट्यावर चढलेली शेळी, पानवाला. मग सगळे पुसून कॅमेरा होता तसा ठेवायची. एक दिवस मामा कपाटापाशीच ओरडले.

“हितं नाक कुनाचं उमटलंय?”

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तेलकट ठिपका होता. मी कॉम्प्युटरवर एका नवरीची नथ मोठी करून तिच्याकडे बघत बसले.

“मी उजवा डोळा लावतो. माझं नाक डाव्या अंगाला उमटतं. हे उजव्या अंगाला हाय. म्हंजी डावा डोळा लावनारं कुनीतरी हाय.” ते माझ्या पाठीकडे बघत असावेत. मग त्यांनी पडदा रुमालानं पुसला. “उंदीर झाल्यात स्टुडिओत,” म्हणाले.

त्यानंतर कपाटाची किल्ली, जी ते नेहमी गल्ल्यात लपवून ठेवायचे आणि मी तिथून काढायची, ती उघड्यावर खिळ्याला लटकलेली दिसू लागली. मला वाटलं, म्हातारपण. विसरायला लागलेत.

लग्नसराईच्या तोंडावर आम्ही एसटीनं नगरला गेलो. दुकानदारानं सपाट मामांच्या हातात दिला. मामांनी उजवा डोळा लावला. खिडकी डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे त्यांचं भलंमोठं नाक कॅमेऱ्याच्या बाहेर आरामात हवा खात होतं.

“बघा,” दुकानदार म्हणाला, “नाक एकदम मोकळं. दोन कार्डं. हलका. तुमच्यासाठीच बनवलाय.”

“माझं मोकळं हाय!” मामा एवढ्यानं ओरडले की शेजारच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. “माझ्या नाकाचं कोन इचारतंय तुला? हिच्या हातात दे.”

मी कॅमेरा घेतला. मला सवय आहे तसा डावा डोळा लावला. नाक सरळ मागच्या पडद्यावर चेपलं. तो पडदा बोटानं चालणारा होता. दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा फोकसचा हिरवा चौकोन टुणकन उडाला आणि त्याच्यामागच्या कॅलेंडरवर जाऊन बसला.

“दिसलं का? नाकानं फोकस हालला. नवरीच्या ठिकानी भटजी यील! ठिव तो आत. टेंगूळवाला काढ.”

टेंगूळवाल्याची खिडकी मधोमध आणि जरा बाहेर आलेली. नाक टेकलंच तर कडेला टेकत होतं. हिरवा चौकोन जागेवर राहिला. मामांनी खाली वाकून माझ्या हाताकडे बघितलं. “करंगळी टेकती का लोंबकळती?” टेकत होती. त्यांचा स्वतःचा पंजा त्या कॅमेऱ्यावर मावलाही नसता. त्यांनी तो हातात घेऊनसुद्धा बघितला नाही.

“बांध हा.”

दुकानदार चाचरला. “मामा, याला एकच कार्ड आहे. तुम्हीच म्हणता ना, लगीन दुसऱ्यांदा…”

“दुसरं कार्ड मी हाय,” मामा म्हणाले. “जुना घिऊन मागं हुभा ऱ्हाईन. चालंल तवर चालंल. तू बांध. अन् तो पंखा नीट कर आधी, कवाचा कटकट करतोय.”

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसून रस्त्यावरच्या खड्ड्यांवर चिडत होते. मी मांडीवरच्या खोक्याकडे बघत होते. सहा महिन्यांत त्यांच्या पिशवीतली बाजरी कधीच कमीजास्त झाली नव्हती. दर वेळी फक्त माझी बदलत होती. सगळ्या पेठेनं हसून घेतलं, आणि हा माणूस माझ्या मानेचं वजन काढत फिरत होता. आणि त्यांना ते मला एका वाक्यात सांगता आलं नसतं? मला इतका राग आला की रडू यायला लागलं. मी कंडक्टरकडे बघत राहिले. मुलाखतीत तीनदा गप्प बसलेल्या मुलीच्या नाकावर या माणसानं स्वतःचं एकुलतं एक तत्त्व मोडलं होतं. उद्या लग्नात मी गप्प बसले, तर? फोटो काढणाऱ्याला ओरडावं लागतं. ओरडल्याशिवाय माणसं रांगेत येत नाहीत.

पहिलं लग्न चार दिवसांनी, गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात होतं. मामांनी बाजरीची पिशवी घालायचे तसाच कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. “बाजरीपेक्षा हालका हाय,” एवढंच म्हणाले आणि जुनी वीट घेऊन मागे गेले.

हळद, अक्षता निभावल्या. तिथं बोलावं लागत नाही. मग जेवणाआधी नवरदेवाकडच्यांचा एकत्र फोटो आला. स्टेजवर वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. मी खाली उभी. तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा उघडलं.

फेट्यातला एक आडदांड पाहुणा, नवरदेवाचा चुलता, कमरेवर हात ठेवून म्हणाला, “ह्यो क्यामेरा हाय का साबनाची डबी? अन् ही पोरगी काढनार व्हय? ए सुधाकर, तुझा मोठा क्यामेरा असताना हे खेळनं कशाला?”

सगळी रांग हसली. मी मामांकडे बघितलं. आता अक्षता नव्हत्या, पण मामांना अक्षता लागतातच असं नाही. त्यांच्या मानेवरची शीर फुगली होती. पण ते बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चिडून गप्प उभं राहिलेलं बघितलं. ओठ असे मिटलेले, जणू कोणी शिवले आहेत. त्यांनी आपला मोठा कॅमेरा हळूच पाठीमागे लपवला.

मी डावा डोळा लावला. चौकटीत फेटा दिसत होता, त्याखाली हसणारं तोंड, आणि नवरी, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात चौकटीत पाठ आली. मळकट सफारीची, रुंद, ओळखीची. राहवलं नाही म्हणून मामा पुढे धावले होते आणि रांगेतल्या कोणाचा तरी पदर सारखा करायला माझ्या कॅमेऱ्यासमोर उभे होते. सत्तावीस वर्षं जो माणूस मध्ये येणाऱ्यांवर ओरडला, तोच.

पोटातून आलं ते. कार्यालयाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेलं, असं लग्नाला आलेल्या मामींनी नंतर सांगितलं. वाढपी थांबले म्हणे.

“अहो साबणवाले पाहुणे, हनुवटी खाली आणि हात कमरेवरून काढा! आणि मामा, तुम्ही आधी माझ्या फ्रेममधून बाजूला व्हा!”