तीन सेकंदांवरचं मौन

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं या. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाची गोष्ट सांगतो. तिच्यात गाणं आहे, आणि ते कुणाच्या कानी पडू नये म्हणून झालेली चोख व्यवस्थाही आहे.

तोक्योतल्या एका वाहिनीवर ‘सूर जपानचे, कान जगाचे’ हा कार्यक्रम लागे. जपानी संगीत परदेशी प्रेक्षकांना समजावं, हा त्याचा उद्देश. दिग्दर्शिका मिझुहो इसेझाकी दूरच्या नोतो भागात गेली आणि रेन्तोकु गुरुजींना शब्द देऊन आली. गुरुजी चौऱ्याऐंशी वर्षांचे, देवळात सुरावर प्रवचन गाणारे. दम आता पुरत नव्हता.

“एकदाच येतो, पोरी,” ते म्हणाले होते. “पण बारा मिनिटं अखंड गाईन. आणि देवळात रोज ऐकायला येणाऱ्या माझ्या आज्ज्या समोर हव्यात. मी थांबलो की त्या ‘नमांदाबु’ असं बुद्धाचं नाव घेतात, त्यावर मी पुढचा सूर उचलतो. त्या नसल्या तर मला पुढचं येत नाही.”

मिझुहोनं कमरेत वाकून होकार दिला होता.

प्रस्ताव कार्यालयात फिरू लागला. त्यावर चौदा शिक्के लागत. कनिष्ठाचा शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडं किंचित कलता मारायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा, अशी तिथली रीत. सर्वांत कनिष्ठाच्या शिक्क्यानं तर साष्टांग दंडवतच घातलं होतं. मात्र शिक्का न वाचता मारला असं वाटू नये, म्हणून प्रत्येकानं एकेक सूचना जोडली.

“हे गृहस्थ मधे सात वेळा थांबतात,” तांत्रिक विभागाचे कुमागाइसाहेब म्हणाले. “तीन सेकंदांवरचं मौन हा प्रक्षेपण-अपघात धरला जातो. माफीची पाटी दाखवावी लागते.”

“पण साहेब, त्या मौनात तर आज्ज्या...” मिझुहो म्हणू लागली.

“आज्ज्यांची पुटपुट गोंगाटाच्या रकान्यात येते.”

तेव्हा सातही मौनांत संगीताचे जाणकार प्राध्यापक उशिओदांनी अर्थ समजावून सांगावा, असं ठरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, वाहिनीला धर्मप्रसार वर्ज्य आहे. सबब गुरुजी ज्याची करुणा गातात त्या अमिदा बुद्धाचा उल्लेख ‘संबंधित घटक’ असा करावा. मग असं निघालं की, कार्यक्रम परदेशी प्रेक्षकांसाठी असल्यानं समोर परदेशी प्रेक्षक दिसणं क्रमप्राप्त आहे. आज्ज्यांच्या जागी शहरात इंग्रजी शिकवणारे वीस परदेशी शिक्षक बोलावले, आणि त्यांच्यासाठी ‘येथे भारावून जावे’ असा दिवा बसवला.

मिझुहोनं कडाडून विरोध केला. म्हणजे, “यावर थोडा विचार व्हावा असं वाटतं,” असं ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि विचार झाला, अशी नोंद इतिवृत्तात झाली.

चित्रीकरणाच्या दिवशी गुरुजी अकरा आज्ज्यांसह नोतोहून बसनं आले. आज्ज्यांच्या मांडीवर भाताच्या गोळ्यांचे डबे. त्यांना शेजारच्या प्रतीक्षाकक्षात, चित्रीकरण दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसवलं.

“अगं, आम्ही इथून म्हटलं तर त्यांना ऐकू जाईल का?” त्यांच्यातल्या किसा आज्जीनं मिझुहोला विचारलं.

“नाही, आज्जी.”

“मग बोलावलंस कशाला? आमच्या घरी बसायला जागा नव्हती का?”

गुरुजींनी गळा साफ केला, संबंधित घटकाच्या अथांग करुणेची पहिली ओळ उचलली, आणि थांबले. लगेच उशिओदा सुरू झाले. गुरुजी सभ्य माणूस. दुसरा बोलत असताना गायचं कसं? ते हात जोडून ऐकत राहिले. प्राध्यापकही सभ्य. गुरुजी गात नाहीत आणि मौन तर पडता कामा नये, म्हणून ते बोलत राहिले. करुणेचा अर्थ झाला, अर्थाचा इतिहास झाला, इतिहासातले मतभेद झाले. पाऊण तासानं त्यांचा घसा कोरडा पडला, आवाज कापू लागला, आणि नेमका तेव्हाच त्यांचा सूर लागला. दिवा पेटला. वीसही शिक्षक भारावले. अखेर गुरुजींनाच राहवेना.

“नमांदाबु,” ते पुटपुटले.

ध्वनी विभागानं ते पुसून टाकलं. स्टुडिओची वेळ संपली.

मिझुहो प्रतीक्षाकक्षात परतलेल्या गुरुजींपुढं गुडघ्यांवर बसली. “गुरुजी, मी शब्द पाळला नाही.”

“माणूस छान बोलतो,” गुरुजी म्हणाले. “त्याला थांबायला कुणी शिकवलं नाही, एवढंच.”

“ते राहू दे,” किसा आज्जी खुर्च्या भिंतीकडं ढकलत म्हणाली. “आम्ही सात तास बसमधे काढलेत. गा आता मुकाट्यानं.”

गुरुजी बारा मिनिटं गायले. सात वेळा थांबले, आणि साती वेळा बारा बायकांनी त्यांना उचलून पुढं नेलं. बारावी मिझुहो. कक्षाच्या आरक्षणात ‘गायन’ हा हेतू नमूद नव्हता, त्याबद्दल तिला दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा द्यावा लागला.

कार्यक्रमाला ‘सर्वाधिक सुबोध’ म्हणून पारितोषिक मिळालं. अठ्ठावीस मिनिटांत गाणं नऊ सेकंद होतं. एक्केचाळीस देशांतून पत्रं आली: हे संगीत आम्हाला इतकं नीट समजलं आहे, की आता ऐकण्याची गरज उरली नाही.

हसताय? हसा. पण मीही इतका वेळ तुम्हाला शिक्के समजावले, नियम समजावले, दिवासुद्धा समजावला, आणि गुरुजी त्या बारा मिनिटांत काय गायले, हे तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. असो. आता एकच करा, रेन्तोकु गुरुजींची आठवण ठेवा. आठवण म्हणतोय मी. माहिती काय, ती त्या एक्केचाळीस देशांकडंही आहे.