लटारीभाऊंची चिंध्यांची वाट

लटारीभाऊंकडे कापड शिवायला दिलं की शिवलेला कपडा आपल्याला मिळायचा आणि उरलेलं कापड जंगलाला. हे मी गमतीने म्हणत नाही. आमच्या मूल नावाच्या गावापासून थोड्या अंतरावर बोडक्या नावाचा डोंगर आहे. त्याच्या वाटांवर अर्ध्या गावाचे कपडे टांगलेले होते. मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाला ऐनाच्या फांदीवर अचानक आपल्याच सदऱ्याची पट्टी दिसायची. मी कॉलेजात गेलो तेव्हा बापाने मला निळ्या रेघांचा सदरा त्यांच्याकडून शिवून घेतला. तो घालून मी नागपूरच्या छोट्या आगगाडीत बसलो, त्याच्या आधीच त्याचा एक तुकडा बोडक्याच्या पायथ्याशी वाऱ्यावर हलत होता.

लटारीभाऊ आमच्या समोरच्या घरात राहत. घरापुढच्या छपरीत त्यांची शिवणयंत्राची बैठक होती. सहा दिवस ते मान खाली घालून मशीन चालवत आणि इतवारी मान वर करून डोंगर चढत. मशीनखाली पडलेल्या चिंध्या आठवडाभर एका थैलीत जमा होत. इतवारी पहाटे ती थैली खांद्याला, कातर कमरेला आणि पाण्याचा तुंबा हातात घेऊन स्वारी निघे. वळण आलं की चिंधी, फाटा आला की चिंधी. परत येताना वाट चुकू नये आणि पुढे कोणाला यायचं झालं तर त्याला सोपं जावं, हा हेतू.

चिंध्यांचे नियम होते. लाल म्हणजे पाहण्यासारखं काहीतरी, पांढरी म्हणजे पाणी, खाकी म्हणजे फाटा आणि काळी म्हणजे अस्वल. पण काळं कापड गावात फार शिवलं जात नसे. एका वकिलाचा कोट तेवढा होता, आणि तो काही दरवर्षी नवा कोट शिवत नसे. त्यामुळे अस्वलांच्या बऱ्याच जागा खुणेवाचून राहून गेल्या. त्या आपल्याला चालता चालता कळत.

पांढऱ्या चिंधीचंही तसंच. भाऊ झरा पाहत पावसाळ्यात आणि आम्हाला नेत उन्हाळ्यात. कोरड्या दगडांसमोर उभा राहून मी एकदा भीत भीत म्हटलं, "भाऊ, इथे पाणी नाही."

"चिंधी हाय ना?"

"आहे."

"मंग चिंधी बरोबर हाय. पाणी चुकलं."

सुट्टीत घरी आलो की मी त्यांच्याबरोबर जायचो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे गावात माझ्याशी लोक थोडं जपून बोलू लागले होते. भाऊ मात्र पहिल्यासारखेच बोलत. खरं म्हणजे ते जास्त माझ्या पायांशीच बोलत. "उचल रे पाय! कालेजात बसून बसून पाय दह्यासारखे झाले तुये!"

त्यांच्याबरोबर जाण्यात एक अडचण होती. कुठलंही ठिकाण ते आपल्याला पाहू देत नसत. एकावर एक ठेवल्यासारखे दोन प्रचंड दगड, त्यातला वरचा आता पडेल की मग पडेल असा. मी तोंड उघडं टाकून पाहत उभा राहिलो की भाऊ दंडाला धरून ओढत. "हे तं काईच नाई! समोर चाल." पुढे कड्याच्या पोटात गुहा, तिच्यात वटवाघळं, तिच्या तोंडाशी भुताचं झाड म्हणतात त्या कांडोळाचं पांढरं खोड. "हे तं काईच नाई! समोर चाल." अशा रीतीने मी बोडक्या डोंगर पुष्कळ वेळा चढलो आणि नीटसा पाहिला कधीच नाही.

एकदा मोहाच्या दिवसांत वळणावर खरंच अस्वल निघालं. झाडाखाली बसून फुलं खात होतं, आमच्याकडे पाठ करून. भाऊ जागच्या जागी थिजले. मीही थिजलो. आणि सवयीचा परिणाम असा की भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे तं काईच नाई." मग मात्र आम्ही समोर चाललो नाही. आम्ही मागे चाललो, आणि चाललो असंही म्हणता येणार नाही.

भूगोलाच्या पुस्तकात मी वाळवंटातल्या डोंगरांचं चित्र पाहिलं होतं. उघडे, तांबूस डोंगर, गवताची काडी नाही, आणि लोक दूरदूरच्या देशांतून त्या वाटा तुडवायला जातात. हे मी भाऊंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली.

"झाडच नाई?"

"नाही."

"एकबी?"

"एकही नाही, भाऊ."

"मंग थे लोक चिंधी कुठी बांधते?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. त्या वाळवंटातल्या लोकांची मात्र भाऊंना पुढे बरेच दिवस काळजी वाटत राहिली.

भाऊंनी डोंगर दाखवला नाही असं माणूस गावात विरळा. भातगिरणीचे हमाल, शाळेचे मास्तर, पाहुणे म्हणून आलेले जावई, सगळ्यांना त्यांनी वर नेऊन आणलं होतं. राहिलं होतं एकच माणूस, आणि ते त्यांच्याच घरात होतं. अनुसयाबाई. बाईंनी लग्न होऊन आल्यापासून बोडक्याला पाय लावला नव्हता. भाऊ दर शनिवारी संध्याकाळी विचारत आणि बाई दर शनिवारी संध्याकाळी नाही म्हणत. आमच्या ओसरीवर ते सगळं ऐकू येई.

"चाल ना वं, उद्या."

"डोंगर का पळून चालला?"

"डोंगर नाई पळत. आपलं वय पळते."

"मंग तुमी त्याच्या मांगं पळा. मले घरी काम हाय."

काम फारसं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघंच माणसं. मूलबाळ झालं नाही. भाऊ गावातल्या प्रत्येक बारशाला झबलं शिवून देत आणि बाई ते नेऊन देत. पण त्याविषयी दोघं काही बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. भाऊ मला एकदाच म्हणाले, "साऱ्या गावाले डोंगर दाखवला, बाप्पा. पन घरचं मानूस आलं नाई, तं वरून पाह्यलेलं सांगावं कोनाले?"

इंटरची परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात घरी आलो, तर भाऊ छपरीतून उडी मारूनच आले. "येऊन राह्यली! उद्या येऊन राह्यली! तूबी चाल."

"कोण?"

"अरे, घरचं मानूस!"

त्या रात्री भाऊंना झोप लागली नसावी, कारण पहाटे निघताना त्यांनी तीन तुंबे पाणी, एक छत्री, बाईंना बसायला सतरंजी आणि दम लागला तर हुंगायला कांदा घेतला होता. बाईंनी शिदोरी बांधली होती. त्या डोक्यावरून पदर घेऊन शांतपणे चालत होत्या. भाऊ आनंदात पुढे पुढे धावत होते, वाटेतले काटे बाजूला करत होते, दगडांनासुद्धा दटावत होते.

ते दूर गेलेले पाहून बाई मला म्हणाल्या, "थो देव किती दूर हाय रे?"

"कोणता देव?"

"चिंध्यादेव. बाजारात चारोळी विकाले येते ना, थे बाई सांगत होती. फाट्यावरच्या झाडात हाय म्हने. लय जागता हाय. चिंधी बांधली की आयकते."

मी पुढे धावणाऱ्या भाऊंकडे पाहिलं. आमच्या भागात रानातल्या झाडाला चिंधी दिसली की वाटसरू तिथे थांबतो, आपल्या कपड्याची एक चिंधी बांधतो, मनातलं बोलतो आणि पुढे जातो. हे लहान पोरालाही ठाऊक आहे. लटारीभाऊंनाही ठाऊक होतं. फक्त आपण बांधलेली चिंधीही चिंधीच दिसते, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते पायथा ओलांडल्यावर आलं. उन्हाळ्यात सागाची पानं गळून जातात. तसं रान उघडं पडलं होतं, आणि त्या उघड्या रानात पानांच्या जागी चिंध्या होत्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, लुगड्यांच्या किनारी, धोतरांचे काठ. भाऊंनी एक खूण बांधली असेल तर तिच्या शेजारी वीस. शेजारच्या झाडालाही, त्याच्या शेजारच्याही. भाऊ डावीकडे गेले, परत आले, उजवीकडे गेले, परत आले. आम्ही तिसऱ्यांदा त्याच वारुळाशी पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना.

"कोनं केलं हे? काऊन केलं? माया वाटंचा पार बाजार करून टाकला!" त्यांनी कमरेची कातर काढली. "सारं कापून टाकतो. एक नाई ठेवत. आजच बाई आली, अन् आजच वाट सापडून नाई राह्यली!"

तेवढ्यात बाई थांबल्या. समोर फाट्यावरचं बिब्याचं झाड होतं. बुंध्याशी दगडांची रास, दगडांना शेंदूर, नारळाची करवंटी, उदबत्तीच्या काड्या. फांद्या चिंध्यांनी वाकल्या होत्या. आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यांत जुनी, उन्हाने विटलेली एक खाकी चिंधी होती. ती मला चांगली माहीत होती. ती बांधताना मी भाऊंबरोबर होतो. ठाणेदारसाहेबांच्या विजारीचं उरलेलं कापड.

बाईंनी वहाणा काढल्या. त्या खाकी चिंधीला हात लावून तो कपाळाला लावला.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंचं तोंड उघडलं. ते आता सांगणार, असं मला वाटलं. कातर अजून त्यांच्या हातात उघडीच होती. बाईंनी पदराचं टोक दातात धरून फाडायला सुरुवात केली.

"थांब," भाऊ म्हणाले.

बाई थांबल्या.

"असं फाडू नोको. तिरपं जाते." आणि पुढे होऊन त्यांनी तो पदर हातात घेतला, काठाला काठ जुळवला आणि सरळ, बारीक पट्टी कापून दिली. नव्या लुगड्याचा काठ होता. बाईंनी पट्टी बांधली, डोळे मिटले, ओठ हलवले. भाऊंनी कातर बंद करून कमरेला खोचली आणि तेही हात जोडून उभे राहिले. ठाणेदारांच्या विजारीला एवढ्या भक्तीने हात जोडलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

बाईंनी वहाणा घातल्या. "झालं माहं."

भाऊ वर पाहत होते. माथा तिथून दिसत होता. इतक्या वर्षांनी बाई अर्ध्या डोंगरापर्यंत आल्या होत्या, आणि त्या डोंगरासाठी आल्या नव्हत्या, हे त्यांना आता कळलं होतं. त्यांनी पाण्याचे तुंबे खांद्यावर सारखे केले.

"चाल मंग. घरी जाऊ."

"काऊन?" बाई म्हणाल्या. "इथवर आली, तं दाखवा ना तुमचा डोंगर."

भाऊ धावले नाहीत. ते बाईंच्या पावलाने चालले. दोन दगडांपाशी बाई उभ्या राहिल्या तसे तेही उभे राहिले, आणि बाईंचं पाहून होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी ते दगड त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. वरच्या दगडाच्या फटीत पिंपळाचं एक रोप उगवलं होतं.

माथ्यावर नुसता खडक. बाई सतरंजीवर बसल्या. खाली धानाच्या शेतांच्या कोरड्या बांध्या, तळी, आणि नागभीडकडे जाणारी छोटी गाडी धूर सोडत चाललेली.

"आपलं घर कुठी?"

भाऊंनी बोट दाखवलं. बाईंनी डोळ्यांवर हात धरून खूप वेळ पाहिलं. "एवढंसं? घरून तं डोंगर मोठा दिसते. मी इतवारभर दारातून पाह्यत राह्यते. वाट्टे, मानूस दिसंन. दिसत नाई."

भाऊ खडकावर नखाने रेघा ओढत होते. ओढता ओढता म्हणाले, "इतवारी मशीन बंद राह्यते ना. मंग घर लय चूप वाट्टे मले. म्हनून निंगतो."

"अन् मले नाई वाटत का?"

भाऊंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी शिदोरी सोडली, तांदळाच्या भाकरीवर जवसाची चटणी ठेवली आणि त्यांच्या हातात दिली. "खा."

भाऊ खाऊ लागले. एरवी माथ्यावर पोचल्या पोचल्या "चला, उतरा" म्हणणारा हा माणूस. त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, खडक तापला, तुंब्यातलं पाणी संपत आलं, तरी दोघं छत्रीखाली घराकडे तोंड करून बसून होती. उतरायची वेळ झाली, हे शेवटी मलाच सांगावं लागलं.