नमुना प्राणी आणि गोदाक्काची मान

बाळांनो, सरसावून बसा. नाकं पुसा. आज आपल्याला एका जंगलात जायचं आहे, आणि तेही जीपनं.

या जंगलात सगळ्या गोष्टी सांबररावांच्या मापाच्या होत्या. कारण साधं होतं. माप घेताना प्राणी हलता कामा नये, आणि सांबरराव अजिबात हलायचे नाहीत. सकाळी जंगलाच्या कारभारी समितीच्या कचेरीच्या ओट्यावर उभे केले की संध्याकाळपर्यंत तिथंच. म्हणून समितीनं त्यांना 'नमुना प्राणी' असं पदच दिलं होतं. पाणवठ्याचा कठडा त्यांच्या गुडघ्याएवढा. कचेरीची खिडकी त्यांच्या तोंडासमोर. बाकीचे प्राणी आपापला दगड बरोबर घेऊन फिरत. पाणी प्यायचंय, दगडावर चढा. अर्ज द्यायचाय, दगडावर चढा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

त्याच जंगलात गोदाक्का राहायची. गोदाक्का म्हणजे पिसोरी. हरणांतली सगळ्यात बुटकी जात, सशापेक्षा जराशीच मोठी. पण आजाऱ्यांची जीप घाटातून खालच्या वैद्यांकडे न्यायची ती तिनंच. घाटाला बावीस वळणं, सगळी तिला तोंडपाठ. कुणाचं पोट दुखो, कुणाच्या पायात काटा मोडो, "गोदाक्काला हाक मारा," असंच सगळे म्हणायचे. तिला ते फार आवडायचं. बोलून दाखवायला लाजायची, पण आवडायचं.

एकदा काय झालं, समितीचे अध्यक्ष आबासाहेब गवे जोरात ब्रेक लागताच आपल्या जीपची काच फोडून बाहेर पडले आणि थेट करवंदीच्या जाळीत जाऊन बसले. लागलं फारसं नाही, पण काटे काढायला चार दिवस गेले. दुसरं काही करता येत नसल्यामुळे त्या चार दिवसांत आबासाहेबांनी विचार केला. पाचव्या दिवशी हुकूम निघाला. जंगलातल्या अकराही जीपना पट्टे बसवायचे. प्रत्येकानं पट्टा लावायचा. न लावणाऱ्याचा परवाना जप्त.

हुकूम चांगला होता, बाळांनो. उगाच दात काढू नका.

पट्टेही चांगले होते. बाजूच्या खांबावर पट्टा जिथून येतो तिथं एक खटका होता. तो दाबला की पट्टा ज्याच्या त्याच्या खांद्याप्रमाणे वर-खाली सरकायचा. समितीला हे मुळीच रुचलं नाही. जो तो आपल्या मर्जीनं पट्टा सरकवणार म्हणजे शिस्त ती काय राहिली? मग सांबररावांना जीपमध्ये बसवलं, त्यांच्या खांद्याशी पट्टा आणला आणि अकराही खटके वेल्डिंग करून पक्के करून टाकले.

गोदाक्का जीपमध्ये बसली. पट्टा ओढला. तो बरोब्बर तिच्या गळ्यावर आला. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला तेव्हा तिला ठसका लागला. दुसऱ्या वळणावर डोळ्यांपुढे काजवे चमकले.

ती कचेरीत गेली. दगडावर चढली. खिडकीत समितीचा कारकून भिकाजी तरस बसला होता.

"भिकाजीदादा, पट्टा गळ्याला लागतो हो. जोरात ब्रेक मारायची वेळ आली तर मान जाईल माझी."

भिकाजीनं वही काढली आणि मापं तपासली.

"पट्टा बरोबर आहे, अक्का. तुमची मान खाली आहे."

"मग मी काय करू?"

"मान वर घ्या."

कचेरीबाहेर सल्ले देणारे टपूनच होते. वानर म्हणालं, "काखेखालून घे." तिनं घेतला, तर बरगड्या कळवळल्या. कोल्ह्यानं पट्टा ढिला करायचा चिमटा दिला. तो लावल्यावर पट्टा आणि छाती यांच्यामध्ये खुद्द कोल्हा मावेल एवढी जागा झाली. कुणी उशी दिली. ब्रेक लागताच उशी पुढे सटकली आणि उशीबरोबर गोदाक्काही. शेवटी भिकाजीनंच तिला बाजूला घेतलं आणि डोळा मारून सांगितलं, "पट्टा पाठीमागून घेऊन अडकवायचा. पट्टा अडकलेला असला की जीप कोकलत नाही आणि नियमही मोडत नाही. मी तसंच करतो."

गोदाक्काला आता भीती वाटायला लागली. पट्टा लावला तर मान जाणार, नाही लावला तर जीप जाणार. यातलं जास्त वाईट कोणतं, ते तिला ठरवता येईना. खरं सांगू का? जीप जाणं तिला जास्त वाईट वाटत होतं.

ती हणमा मिस्त्रीकडे गेली. हा साळिंदर होता आणि जंगलातलं सगळं ठोकाठोकीचं काम करायचा.

"मिस्त्रीमामा, माझी मान लांब करता येईल का?"

मिस्त्रीनं जीपमध्ये डोकं घातलं. "मान कशाला लांब करतेस, पोरी? इथं खटका आहे की. हे असलं येडपट वेल्डिंग कुणी केलं?"

"तुम्हीच केलंत, मामा. समितीनं सांगितलं म्हणून."

मिस्त्री ओशाळला. अंगावरचे काटे त्यानं हळूच मिटून घेतले आणि छिन्नी उचलली. दोन घाव घालून वेल्डिंग फोडलं. पट्टा चार बोटं खाली सरकवला. सीट उंच केली आणि तिचा पाय पोचेल तेवढी मागे घेतली.

"आता बघ. वरचा पट्टा खांद्याच्या हाडावरून, छातीच्या मधोमध आला पाहिजे. गळ्याला शिवता कामा नये. खालचा पोटावर नाही घ्यायचा, कमरेच्या हाडांवर घ्यायचा. आणि स्टीअरिंगला मिठी मारून बसू नकोस. ते काय तुझं माहेरचं माणूस आहे?"

त्या दिवशी गोदाक्का बावीस वळणं उतरली आणि एकदाही खोकली नाही. आनंदानं तिचे डोळे भरून आले.

पण फोडलेलं वेल्डिंग कुणाच्या तरी नजरेला पडलंच. समितीत ठराव आला: 'बुटक्या प्राण्यांना चालकपदावरून मुक्त करावे.' एवढंच, की ठरावाला आधी पाहणी लागते. म्हणून दुसऱ्या सकाळी भिकाजी वही घेऊन तिच्या शेजारी बसला. आपला पट्टा त्यानं सवयीप्रमाणे पाठीमागून अडकवला.

"अहो दादा, नीट लावा," गोदाक्का म्हणाली.

"पाहणी तुमची आहे, अक्का. माझी नाही."

अकराव्या वळणावर एक रानडुकरीण आपली नऊ पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती. घाई कुणालाच नव्हती. गोदाक्कानं सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. जीप फिरली आणि कडेच्या मातीच्या ढिगात घुसली. पट्ट्यानं गोदाक्काला खांद्याशी घट्ट धरून ठेवलं. तिला ओरखडाही आला नाही. शेजारून आधी वही पुढे गेली, मग भिकाजी गेला. परत आला तेव्हा त्याचे पुढचे दोन दात कमी होते.

पिल्लं मोजली. नऊच्या नऊ होती.

भिकाजीनं इमानानं अहवाल लिहिला: 'चालक जिवंत. खटका नियमबाह्य. सबब जिवंत राहणे नियमबाह्य ठरते किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.'

समिती तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी आबासाहेब गवे सगळ्या जंगलापुढे उभे राहिले. मनानं ते वाईट नव्हते.

"चूक आमची होती," ते म्हणाले. "आम्ही नमुनाच चुकीचा निवडला. आजपासून या जंगलाचा नमुना प्राणी म्हणजे आपल्या गोदाक्का!"

"आबासाहेब, नमुना कुणीच नको हो," गोदाक्का ओरडली. "नुसते खटके मोकळे करा. ज्याचा तो आपापला..."

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. टाळ्या फार जोरात पडत होत्या.

मिस्त्रीनं हुकमाप्रमाणे अकराही पट्टे गोदाक्काच्या खांद्याशी आणून वेल्डिंग केले. आबासाहेबांचा पट्टा आता त्यांच्या कोपरावरून जातो. ठराव त्यांचाच, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. तो पाठीमागून कसा अडकवायचा, हे त्यांनी भिकाजीकडून शिकून घेतलं.

आणि नमुना प्राण्याचं पद म्हणजे पूर्णवेळ काम. गोदाक्का सकाळपासून संध्याकाळपर्यंत कचेरीच्या ओट्यावर उभी असते. आजाऱ्यांची जीप सांबरराव चालवतात, कारण ते रिकामे झाले होते. त्यांना बावीसपैकी सहा वळणं येतात. घाटातून ब्रेकचा आवाज आला की ओट्यावर गोदाक्काचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो.

मग खिडकीतून भिकाजी ओरडतो, "अक्का, हलायचं नाही! माप चुकतं!"

तात्पर्य: बाळांनो, पट्टा नेहमी लावावा. फक्त जन्म घेण्याआधी समितीकडून आपलं माप मंजूर करून आणावं. जन्म घेऊन बसलाच असाल, तर निदान तक्रार करू नये. समितीनं ती ऐकली तर फार पंचाईत होते.