मिसुरीच्या हद्दीतला नकार

बहीण लॉर्नाच्या गॅरेजचं दार आतून लावून वेंडेल प्रूइट गवत कापायच्या मशीनवर बसला आणि त्याने फोन समोर धरला. बाहेर अंगणात बार्बेक्यूवर भाजणाऱ्या रिब्जचा धूर, भाचरांचा दंगा आणि लॉर्नाचा आवाज, तिन्ही सारख्याच जोरात होते. जेवायची वेळ झाली की लॉर्ना दर वर्षीसारखी सगळ्यांसमोर जाहीर करणार होती, की ऑक्टोबरात ती आणि तिचा नवरा क्लिंट त्याच्या आईकडे फ्लोरिडाला जाणार आणि त्यांची तीन कुत्री वेंडेलमामा सांभाळणार. नेमक्या त्याच आठवड्यात वेंडेलने तळ्याकाठचं एक लाकडी घर ठरवलं होतं, स्वतःसाठी आणि बर्नडेटसाठी. चाळिशी उलटल्यावर कुणीतरी आपल्याबरोबर कुठेतरी यायला तयार झालं होतं. तिला आता कुत्र्यांचं कारण सांगितलं, तर ती पुन्हा तयार होईल अशी त्याला मुळीच खात्री नव्हती.

पण नाही म्हणणं वेंडेलच्या रक्तातच नव्हतं. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून त्याने एकाच जातीचा व्हॅक्यूम क्लीनर दोनदा घेतला होता, कारण दुसऱ्यांदा आलेला माणूस फार थकलेला दिसत होता. म्हणून तर त्याने मार्गरेट ओडम यांना गाठलं. या बाई क्लिनिकल सोशल वर्कर, म्हणजे लोकांच्या मनातल्या गाठी सोडवायचा सरकारी परवाना असलेल्या. दर शनिवारी त्या फोनच्या पडद्यावर भेटत.

"नमस्कार वेंडेल. आज कुठे आहात?" त्या नेहमी हेच आधी विचारत.

"बहिणीच्या गॅरेजात."

"बहीण कुठे राहते?"

खोटं बोलणंही वेंडेलला जमत नसे. "स्टेट लाइन रोडवर. कॅन्ससच्या बाजूला." हा रस्ता म्हणजेच कॅन्सस आणि मिसुरी या दोन राज्यांमधली हद्द.

मार्गरेटबाईंनी पेन खाली ठेवलं. "आली का पंचाईत! माझा परवाना मिसुरी राज्यापुरता. तुम्ही कॅन्ससमध्ये बसलात, तर मी तुम्हाला साधा धीरसुद्धा देऊ शकत नाही."

"अहो, मिसुरी समोरच आहे! रस्त्यापलीकडे. इथून खिडकीतून दिसतंय!"

"मग रस्ता ओलांडा."

वेंडेल मागच्या दाराने सटकला, धावत रस्ता ओलांडून समोरच्या हिरवळीवर आला आणि ओकच्या झाडाखाली टेकला. जीव जरा भांड्यात पडतोय, तोच मागून आवाज आला.

"लॉर्नाचा भाऊ ना रे तू? बरा सापडलास. ही शिडी धर."

घरमालकीण हॅवरकॅम्प आजी ऐंशीच्या पुढच्या, आणि छपराच्या पन्हळीतला पाला आजच काढायचा हा त्यांचा हट्ट.

"आजी, मी जरा एका महत्त्वाच्या..."

"बोल की तू. मला ऐकूच येत नाही," असं म्हणून आजी दोन पायऱ्या चढल्यासुद्धा. वेंडेलने घाईने फोन शर्टाच्या खिशात खोचला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. वरून ओला पाला त्याच्या डोक्यावर पडू लागला.

"वेंडेल," खिशातून आवाज आला, "मला नुसतं घर हलताना दिसतंय."

"शिडी धरलीय."

"का?"

"त्यांनी धर म्हटलं."

मार्गरेटबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. एवढ्यात रस्त्यापलीकडून हाक आली. "वेंडेल! तिकडे काय करतोयस? रिब्ज गार होताहेत!" लॉर्ना फुटपाथच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती. मागे पाहुणे जमले होते आणि सगळ्यांत मागे चिमटा घेऊन क्लिंट.

"येता येत नाही! आजी वर आहेत!"

"आणि खिशातून कोण बोलतंय?"

"माझ्या थेरपिस्ट!"

हे अख्ख्या कॅन्ससने ऐकलं. कुणीतरी खोकलं. लॉर्ना मात्र डगमगली नाही. "बरं, मग तिथूनच ऐक! ऑक्टोबरात कुत्री तुझ्याकडे! नेहमीसारखी! चालेल ना?"

"हो" अगदी वेंडेलच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं. खिशातून हळू आवाज आला, "श्वास घ्या. थोडक्यात बोला. कारण सांगत बसू नका."

"नाही!" वेंडेल म्हणाला. नेमका त्याच क्षणी मधून एक ट्रक धडधडत गेला.

"काय?" लॉर्ना ओरडली.

एवढ्या कष्टाने गोळा केलेलं धैर्य ट्रकखाली गेलं. आता पुन्हा गोळा करणं आलं. वेंडेलने डोळे मिटले, शिडी घट्ट धरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "नाही! नाही सांभाळणार! मी बर्नडेटबरोबर तळ्यावर जाणार आहे!"

"कारण सांगू नका म्हटलं होतं," मार्गरेटबाई पुटपुटल्या, पण त्या हसत होत्या.

"बर्नडेट कोण?" वरून ऐकू न येणाऱ्या आजींनी विचारलं.

लॉर्ना तीरासारखी निघाली. एका मोटारीने भोंगा वाजवला, तिकडे तिने बघितलंसुद्धा नाही. आता थोबाडीत बसणार या तयारीने वेंडेलने मान खाली घातली. पण ती थेट त्याच्या गळ्यात पडली. शिडी हलली, आजी किंचाळल्या.

"किती वर्षं, वेंडेल! किती वर्षं तुला विचारतेय, एकदा तरी नाही म्हणशील म्हणून! कुत्र्यांना बघायला कुणी नाही, याखेरीज फ्लोरिडाला न जायला सासूबाईंना दुसरं कुठलं कारण देऊ मी? आणि तू आपला दर वर्षी, 'हो गं लॉर्ना, आण गं लॉर्ना!' रडू यायचं मला!"

"मग मला सांगायचंस ना, नाही म्हण म्हणून."

"सांगितलं असतं, तर तू 'हो' म्हणाला असतास!"



"नाही म्हणाला?" पलीकडून क्लिंटने विचारलं.

"म्हणाला!"

क्लिंट चिमटा उंचावून फुटपाथवरच नाचायला लागला. पाहुणे टाळ्या वाजवू लागले. मग नाचता नाचता तो एकदम थांबला. "पण येत नाही म्हणून आईला फोन कोण करणार?"

टाळ्या थांबल्या. क्लिंटने लॉर्नाकडे बघितलं. लॉर्नाने आपला फोन काढला आणि अगदी लाडात येऊन भावापुढे धरला. "तुला येतं की आता."

सवयीने वेंडेलचा हात पुढे गेला. खिशातल्या मार्गरेटबाईंनी काही सुचवायला तोंड उघडलं, पण तेवढी वेळच आली नाही.

"नाही," वेंडेल साध्या, घरातल्या आवाजात म्हणाला. मग त्याने हॅवरकॅम्प आजींना हात देऊन खाली उतरवलं, केसांतला पाला झटकला, आणि रिब्ज खायला कॅन्ससला निघाला.