हांगचौला गेलेली अन्नपूर्णा

गुरुदत्त सबनीस स्वतःची ओळख करून देण्याआधी जरा थांबतो. समोरच्याने हातातला कप खाली ठेवावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. मग तो सांगतो, "दक्षिण गोलार्धातला एकमेव मराठी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची." एवढं प्राणिसंग्रहालय एका माणसात ठेवायला कौन्सिलची परवानगी घेतली का, हे त्याला अजून कोणी विचारलेलं नाही. दिवसा तो ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, आयटी हेल्पडेस्कवर बसतो आणि लोकांना विसरलेले पासवर्ड बदलून देतो. रहस्यभेद हा आपला पोटापाण्याचाच धंदा आहे, असं म्हणायला त्याला तेवढं पुरतं.

प्रणव त्याचा सहायक. ही नेमणूक कधी झाली ते प्रणवला आठवत नाही. गुरुदत्तकडे गाडी नाही आणि प्रणवकडे नाही म्हणायची ताकद नाही, या दोन खांबांवर ही संस्था उभी आहे. संस्थेच्या नावावर आजवर एकच मोठं प्रकरण होतं, मंडळाच्या पाडव्याला अचानक संपलेलं श्रीखंड. त्याचा तपास अजून चालू आहे, कारण सगळे पुरावे गुप्तहेराच्या मिशीपाशी येऊन थांबतात.

त्या रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, प्रणवला लताताईचा फोन आला. युनीत शिकत असताना दोन वर्षं तो तिच्या हातचं जेवला होता. आज तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करतो, पीआर म्हणजे इथला कायमचा रहिवासी झालाय, तरी भूक लागली की त्याला आधी लताताईच आठवते. ती फोनवर हुंदके देत होती. "अरे, माझी अन्नपूर्णा गेली रे!"

लताताई आणि मुरलीधरदादा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला चीनला जाऊन आदल्या रात्रीच परत आले होते. आयुष्यभर मोटेलात राहिलो, आता एकदा तरी साहेबासारखं राहायचं, असं दादांनी ठरवलं होतं. लताताईने लग्नात आईने दिलेली चांदीची अन्नपूर्णा बरोबर नेली होती. अंगठ्याएवढी मूर्ती, हातात नाजूक पळी, बसायला वाटीभर तांदूळ. आजीकडून आईकडे, आईकडून लताकडे आलेली. परत आल्यावर लताताईने स्टीलची डबी उघडली तर आत काहीच नाही. देवीही नाही आणि तांदूळही नाहीत.

"आणि आई येतेय रे दोन आठवड्यांनी!" लताताई म्हणाली. "रोज फोनवर विचारते, अन्नपूर्णेचे तांदूळ बदललेस का? मी हो म्हणते. आता दारात पाऊल टाकल्या टाकल्या ती देवघराकडे जाणार. काय तोंड दाखवू मी तिला?"

तासाभरात प्रणव गुरुदत्तला घेऊन तिच्या घरी पोचला आणि गुरुदत्तने सोफ्यावर मांडी ठोकली. "ताई, रडू नको. सुरुवातीपासून सांग. काही गाळू नको."

लताताईने काही गाळलं नाही. शांघायच्या हॉटेलात खोली एवढ्या वर होती की खिडकीतून ढग खाली दिसायचे. खोलीत शिरलं की पडदे आपोआप उघडायचे. बाथरूममध्ये शिरलं की कमोडचं झाकण आपोआप वर व्हायचं. "मी पहिल्यांदा सॉरी म्हणाले रे त्याला." बाथरूमची भिंत तर सबंध काचेची. दादा पंचवीस वर्षांचे नवरे, पण ती आंघोळीला गेली की बिचारे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. शेवटच्या दिवशी कळलं, काच धूसर करायचं बटण होतं. सांगता सांगता लताताईचा चेहरा खुलायचा, मग तिला अन्नपूर्णा आठवायची आणि ती पुन्हा रडायला लागायची.

"आता मुद्द्याचं. मूर्ती कोणी कोणी पाहिली?" गुरुदत्तने विचारलं.

"वाटीतले तांदूळ बदलायचे होते म्हणून फोनवरच्या भाषांतरातून रिसेप्शनला कच्चे तांदूळ मागितले. तर भात आला. परत मागितले, तर अर्धाकच्चा भात आला. आणून दिला एका रोबोने. कमरेएवढा, पोटात कप्पा. लिफ्टने एकटा येतो, दाराशी आला की खोलीतला फोन वाजवतो, आपण कप्पा उघडायचा. तिसऱ्यांदा मात्र बल्लवाचार्य स्वतः वाटीत तांदूळ घेऊन आले. त्यांनी देवीला पाहिलं आणि हात जोडले. त्या दिवसापासून संध्याकाळी खोली आवरायला येणारी मुलगी देवीपुढे इवलासा चहाचा कप ठेवायला लागली. सूचौच्या हॉटेलातही तसंच. जुनं घर, आत बाग, मोजक्याच खोल्या. आणि हांगचौला चहाच्या मळ्यात होतो, तिथली मालकीण रोज गोड वडी ठेवायची. मला इतकं भरून यायचं!"

गुरुदत्तने डोळे मिटले. हे चिंतन आहे, झोप नाही, हे ओळखायला प्रणव शिकला होता. "रोबो," गुरुदत्त म्हणाला. "तांदूळ घेऊन आला, मूर्ती घेऊन गेला."

"त्याला हात नव्हते," प्रणव म्हणाला.

"म्हणूनच कोणी संशय घेतला नाही."

"रोबो शांघायला होता. मूर्ती हांगचौपर्यंत होती."

"म्हणजे साथीदार आहेत."

त्यानंतर गुरुदत्तने घटनास्थळाची पाहणी केली. घटनास्थळ चीनमध्ये असल्यामुळे त्याने लताताईच्या बॅगा पाहिल्या. आपली माणसं हॉटेलातून काय काय आणतात ते सगळं त्यात होतं: कंगवे, टूथब्रश, शॉवर कॅप, चहाच्या पुड्या आणि पांढऱ्या कापडी सपाता, पुढून बंद, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्याकोऱ्या. रोज नवीन जोडी मिळायची आणि लताताई रोज ती बॅगेत टाकायची. त्यातल्या बऱ्याच तिने त्याच सकाळी भिशीत वाटूनही टाकल्या होत्या. उरलेलं सगळं गुरुदत्तने झिपच्या पिशव्यांत भरलं, वर चिकटपट्टी लावली आणि सही केली.

"मुद्देमाल. याला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

"मग तपासणार कसा?" प्रणवने विचारलं.

"बुद्धीने."

एवढ्यात पोर्ट केंबलाच्या स्टील प्लांटमधली शिफ्ट संपवून मुरलीधरदादा आले. झगमगीत पिवळं जाकीट, हातात हेल्मेट. देवी गेल्याचं कळल्यावर त्यांनी सावकाश हेल्मेट खुंटीला अडकवलं. सपाता भिशीत वाटल्याचं कळल्यावर मात्र मटकन खाली बसले.

"सगळ्या?"

"थोड्या आहेत, पण गुरुदत्तने सील केल्यात."

"गुरुदत्त, त्यातली एखादी जोडी जरा दे रे. पाय दुखतायत."

"नो वरीज, दादा. पण निकाल लागल्यावर." गुरुदत्त प्रणवच्या कानाशी लागला. "लक्षात ठेव. संशयिताचे पाय दुखतात."

पुढचे दिवस वाईट गेले. गुरुदत्तने रोबोचा नाद सोडून बल्लवाचार्य धरले. हात जोडले म्हणजे दोन्ही हातांनी मूर्तीचं माप घेतलं. मग मालकीण धरली. गोड वडी ठेवणारा माणूस निष्पाप असूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. कळवल्यावर हॉटेलांनी मात्र उलट काळजीने सगळ्या खोल्या पुन्हा शोधल्या, आणि मालकिणीने फोन करून सांगितलं की आम्ही चहाच्या झुडपांखालीसुद्धा पाहिलं. लताताई रोज रात्री आईला फोनवर हो म्हणायची, आणि ठेवला की रडायची. तिने स्वयंपाकही कमी केला. देवीच नाही तर कसला उत्साह, म्हणायची. एकदा प्रणव गेला तेव्हा तिने त्याच्यापुढे टोस्ट ठेवला. प्रणवला तो गिळवेना.

मग बातम्या यायला लागल्या. मुरलीधरदादा हल्ली सगळ्यांकडे चहाला जातात. येतात, बसतात आणि चपलांच्या रॅकशी घुटमळतात. भिशीतल्या सारंगने फोन केला, "अरे, दादा माझ्याकडे आले, चीनच्या सपाता बसतात का नीट, म्हणाले, आणि चक्क आत हात घालून बघितलं. बरे आहेत ना ते?"

गुरुदत्तच्या डोळ्यांत वीज चमकली. "सपाता! मूर्ती विकली आणि टोळीचे निरोप सपातांतून फिरतायत. मुरलीधरदादा म्होरक्या आहेत."

"ते गणपतीत आरतीला टाळ वाजवतात, गुरू."

"चांगलं आवरण आहे."

प्रणवला हे पटलं नाही, पण दादांचं काहीतरी बिनसलंय एवढं दिसत होतं. इंडियन स्टोअरमध्ये दोघं तांदळाच्या पोत्यांशी समोरासमोर आले. दादांचे डोळे खोल गेले होते. "प्रणव," ते हळूच म्हणाले, "कधीकधी माणूस चांगल्या मनाने असं काही करतो की सांगायलाही जीभ रेटत नाही."

"काय केलंत, दादा? सांगा ना. मी कोणाला नाही बोलणार."

दादांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बासमतीच्या पोत्यांमागून गुरुदत्त उठला आणि "पकडलं!" म्हणून ओरडला. दादा कोथिंबीर तिथेच टाकून निघून गेले. प्रणवला त्या क्षणी पहिल्यांदाच वाटलं की आपण ही नोकरी सोडावी.

लताताईची आई, शोभाकाकू, शनिवारी सकाळी सिडनीला उतरल्या. आणायला प्रणवच गेला. गाडीत काकू साताऱ्यापासून सगळ्या गप्पा मारत होत्या, पण मध्येच म्हणाल्या, "लता देवाचं करते ना रे? फोनवर हो म्हणते, पण आवाज वेगळा असतो तिचा." प्रणवने समोरच्या ट्रकवर लक्ष ठेवलं. खोटं बोलणं त्याला जमेना आणि खरं सांगणं त्याच्या हातात नव्हतं.

घरात गुरुदत्तने निकालाची बैठक मांडली होती. मध्ये टीपॉय, त्यावर सीलबंद मुद्देमाल, समोर दादा, बाजूला लताताई. जूनचा गारठा, फरशी नुसती बर्फ. काकूंनी दाराशी चपला काढल्या, आत आल्या, आणि लताताईला मिठी मारायच्या आत गुरुदत्त उभा राहिला.

"काकू, वाईट बातमी आहे. तुमची अन्नपूर्णा चोरीला गेली आहे. पण घाबरू नका, चोर याच खोलीत आहे."

लताताईने पदर तोंडाला लावला. काकूंनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा देवघराकडे, आणि हळूहळू खुर्चीत बसल्या. गुरुदत्तला तेवढंच हवं होतं.

"सुरुवात शांघायपासून करतो," तो म्हणाला. रोबो झाला, बल्लवाचार्य झाले, काचेची भिंतसुद्धा झाली. भाषण सूचौच्या बागेत पोचेपर्यंत काकूंचे पाय गारठले होते. त्यांनी टीपॉयवर पाहिलं, एक झिपची पिशवी ओढली आणि चर्रकन चिकटपट्टी फाडली.

"काकू! मुद्देमाल आहे तो!"

"असू दे रे. पाय गारठलेत माझे. तू बोल."

काकूंनी प्लॅस्टिक काढलं, सपाता खाली टाकल्या आणि उजवा पाय आत सरकवला. "अगं बाई!" म्हणून त्यांनी पाय मागे घेतला. सपात उचलून पालथी केली तर टिश्यू पेपरचा एक बोळा हातात पडला, आणि बोळ्यातून अंगठ्याएवढी अन्नपूर्णा. हातातली पळीसुद्धा शाबूत.

मुरलीधरदादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी ठेवली," ते म्हणाले. "निघायच्या सकाळी हांगचौला एकदम आठवलं, इथे एअरपोर्टवर क्वारंटाइनवाले तांदूळ बघितले की बॅग उघडतात. ही झोपली होती. मी तांदूळ मागच्या अंगणात पाखरांना टाकले. पण नुसत्या डबीत देवी खडखडायला लागली. पळी मोडली असती हो! बॅगा भरून झाल्या होत्या, मऊ असं बाहेर या सपातांशिवाय दुसरं काहीच नव्हतं. नवीन होत्या, एकदाही पाय लागला नव्हता. वाटलं, घरी पोचल्या पोचल्या काढीन, हिला कळणारही नाही. मी शिफ्टवरून येतो तर हिने वाटलेल्या! आता देवीला पायताणात घातलं हे कोणत्या तोंडाने सांगू? सगळ्यांच्या घरी जाऊन बघितलं. राहिला एवढा मुद्देमाल. तो तीनदा मागितला."

"संशयित मुद्देमाल मागतोच," गुरुदत्त म्हणाला, पण आवाज बराच खाली आला होता.

"अहो, मला सांगायचं होतं ना!" लताताई ओरडली आणि मग आईसमोर खाली बसली. "आई, मी तुला रोज खोटं सांगितलं. आणि आता तुझा पाय लागला तिला..."

काकूंनी मूर्ती पदराने पुसली, कपाळाला लावली आणि नीट निरखून पाहिली. "म्हणजे इतके दिवस ही उपाशी आहे?" त्या म्हणाल्या. "आधी तांदूळ आणा. मुरलीधररावांना फाशी मग द्या."

प्रणव धावत स्वयंपाकघरात गेला आणि वाटी भरून आला. वाटी त्याने इतकी शिगोशीग भरली होती की तांदूळ सोफ्यापर्यंत सांडले. काकूंनी देवीला बसवलं, हात जोडले, आणि मग लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"रागावले असते, तू हिला कपाटात टाकली असतीस तर. तीच धास्ती होती मला. परदेशात कोण करतंय देवाचं, असंच सगळे म्हणतात. तू तर हिला ढगांच्या वरच्या खोलीत ठेवलीस. परक्या माणसांनी चहा ठेवला, वडी ठेवली. मी साताऱ्याबाहेर तिला कधी काही दाखवलं नाही गं." त्यांनी डोळे पुसले आणि जावयाकडे वळल्या. "पुढच्या खेपेला मलाही न्या, मुरलीधरराव. मात्र बसून येईन. सपातेत मावायची नाही मी."

दादा आधी दचकले, मग त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि ते हसत सुटले. गुरुदत्तने घसा साफ केला आणि जाहीर केलं की पुरावा योग्य ठिकाणी सुरक्षित ठेवल्यामुळेच प्रकरण सुटलं. कोणी ऐकलं नाही.

लताताई डोळे पुसत उठली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा तिने कुकर बाहेर काढला, वरणासाठी डाळ घेतली आणि हाक मारली, "प्रणव, बसलास काय असा? पानं घे."