खरजेच्या मलमाची मागणी

फार्मसीच्या मुलांना बाजार शिकवायला पुस्तक लागत नाही, असं बाईंनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. तिथल्या चौघांच्याही तोंडात तेव्हा चहा होता, म्हणून कुणी विरोध केला नाही.

बाई अर्थशास्त्राच्या. फार्मसी कॉलेजात हंगामी. वर्षातून एकदा प्राचार्य एका कागदावर सही करत, तेव्हा कुठे पुढच्या वर्षाची नोकरी पक्की होई. यंदाची सही शुक्रवारी होती, आणि प्राचार्यांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं. गोळी बनवता आली की ती विकता येतेच, त्यासाठी वेगळी बाई कशाला? तेव्हा शुक्रवारच्या आत काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

सोमवारी बाई शेवटच्या वर्षाच्या साठ मुलांपुढे उभ्या राहिल्या.

"पुस्तकं मिटा. मागणी म्हणजे काय ते दुकानदारच शिकवतील. प्रत्येकाने दहा मेडिकलमध्ये जायचं, गिऱ्हाईक म्हणून. एकच औषध मागायचं. आहे का, नसेल तर कधी येईल, बदली दुसरं काय देता. फक्त विचारायचं, घ्यायचं नाही."

"कोणतं औषध?"

बाईंनी मुद्दाम न खपणारं निवडलं. दुकानदारांना उगीच त्रास नको. "खरजेचं मलम."

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला सगळे शंकासुर म्हणत. "बाई, नुसतं विचारून खरं वाटेल का?"

"मग थोडं खाजवा. धंद्यात निम्मं काम चेहऱ्यावर होतं."

हे वाक्य बाईंना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. साठ मुलं, प्रत्येकी दहा दुकानं, आणि शहरात मेडिकल सगळी मिळून चाळीस, हा हिशेब मात्र फळ्यावर आला नाही. डोक्यातही आला नाही.

मंगळवारी संध्याकाळी नणंदेचा फोन आला. तिचं बाजारात मेडिकल होतं.

"वहिनी, घरातले टॉवेल वेगळे करा."

"का हो वन्सं?"

"खरजेची साथ आलीय. कालपासून पंधरा जण येऊन गेले. एक पोरगी तर बिचारी माझ्या काउंटरच्या कोपऱ्याला पाठ घासत होती. अगदी म्हशीसारखी हो."

बाईंनी शंकासुराला लगेच ओळखलं.

"मग मलम दिलंत?"

"कुठलं देतेय? दोन ट्यूबा होत्या, त्या घरच्यांसाठी कपाटात ठेवल्या. होलसेलवाल्याकडे शंभर सांगितल्या, तर तो म्हणतो सगळ्यांनीच शंभर सांगितल्यात, माल संपला. संपला म्हटल्यावर मी दोनशे सांगून टाकल्या."

खरं सांगावं म्हणून बाईंनी तोंड उघडलं. पण वन्संना सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं, आणि शुक्रवार तर तोंडावर आलेला. "जपून राहा," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि त्याच क्षणी त्यांच्या मानेला खाज सुटली.

बुधवारपर्यंत सगळं शहर खाजवायला लागलं होतं. भीतीने खाज सुटे आणि खाजेने भीती वाढे. न्हाव्याने दारावर चिठ्ठी डकवली, 'खाजवणाऱ्यांनी बाहेरूनच बोलावे.' बसमध्ये एका आजोबांनी नुसता कान कोरला, तर त्यांच्या मागेपुढे तीन-तीन बाकं रिकामी झाली. बाईंच्या नवऱ्याने आपला टॉवेल कुलपात ठेवला. बाईंनी तेव्हा त्याला सगळं सांगून टाकलं.

"प्राचार्यांना सांग," तो म्हणाला, पण दोन हात लांबूनच.

"सांगितलं तर नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"कळेल तेव्हा जाईलच."

"मग निदान सांगून तरी घालव."

गुरुवारी शंकासुर वही घेऊन आली. "बाई, रोगी शून्य, मागणी सहाशे, साठा शून्य. बरोबर?"

"हळू बोल गं."

"एक शंका आहे. आता खरा रोगी आला, तर त्याला मलम कुठून मिळणार?"

बाईंची आतापर्यंतची भीती सहीची होती. ही वेगळी होती. कुठेतरी एखादं तान्हं बाळ खाजवून खाजवून रडत असेल, आणि मलम वन्संच्या कपाटात. त्यांनी पदर खोचला आणि तडक प्राचार्यांची खोली गाठली.

तिथे आरोग्यखात्याच्या डॉक्टरीणबाई आधीच बसलेल्या. चाळीस दुकानांतून एकच वर्णन आलं होतं, विशीतली मुलं, पाठीला दप्तर, दप्तरावर याच कॉलेजचं नाव. प्राचार्य दोन्ही हात टेबलाखाली घेऊन ताठ बसले होते. बाईंनी एका दमात सगळं ओकून टाकलं. मलम, खाजवणं, न केलेला गुणाकार, सगळं.

"म्हणजे शहरात एकही रोगी नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकही नाही. सगळा दोष माझा."

"दुकानांना मी कळवते. पण आलेच आहे तर तपासणी करूनच जाणार."

साठ मुलं निघाली स्वच्छ. बाईंची मानही स्वच्छ निघाली. "ही भीतीची खाज आहे, तिला मलम नाही," असं निदान झालं. शेवटी प्राचार्य उरले.

"माझी काही गरज नाही," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचे हात टेबलाखालून वर घेतले आणि बोटांच्या बेचक्यांत बराच वेळ पाहिलं. "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे. मला वाटलं, साबण बदलला म्हणून."

"मग औषध का नाही आणलंत?"

"मंगळवारी गेलो होतो," प्राचार्य अगदी बारीक आवाजात म्हणाले. "सात दुकानं फिरलो. कुणी आत घेईना. एकाने तर मला पंख्याने वारा घातला, दुरूनच."

वन्संना फोन गेला. अर्ध्या तासात त्या ट्यूब घेऊन हजर झाल्या, आणि ती त्यांनी टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फूटपट्टीने ढकलली. डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या, "एवढं घाबरू नका. नुसता हात लागून होत नाही खरूज. बराच वेळ हात हातात राहिला तर होते."

शुक्रवारी बाई गेल्या त्या राजीनामा मनात जुळवूनच. प्राचार्यांनी कागद पुढे ओढला आणि सही केली.

"बाई, औषध असतं पण मिळत नाही, हे मला तीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. तुमचे तास मी वाढवतोय." ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

बाईंनी हसरा चेहरा केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं झाली, पाच झाली. हात सोडवावा तर सहीची शाई अजून ओली होती, आणि प्राचार्य बोलता बोलता आत्ता कुठे कॉलेजच्या स्थापनेपर्यंत आले होते.